घरावर सोलर, घरात बॅटरी: ठाणे-नवी मुंबईकरांनी कामाचा क्रम कसा लावावा

घरावर सोलर बसवताना सगळ्यात मोठी चूक पॅनेल निवडताना होत नाही. ती त्याच्या आधीच झालेली असते. सोलर बसवलं की लाइट गेली तरी घर चालू राहणार, असं बहुतेक जण धरूनच चालतात. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की त्याच क्षणी बंद पडते आणि ती तशी बंद पडणं बंधनकारक आहे. नाहीतर बाहेर लाइन दुरुस्त करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून येणारा करंट बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. तेव्हा भर दिवसाही, बॅटरी नसलेल्या ऑन-ग्रिड घरांत सोलरवर पंखा फिरणं शक्य नव्हतं.

बिल कमी करणं हे एक काम आणि लाइट गेल्यावर घर चालवणं हे दुसरं. पहिलं पॅनेल करतं, दुसरं बॅटरी. दोन्हींचा हिशोब वेगळा मांडला आणि कामं ठरलेल्या क्रमाने केली, तर पुढची बहुतेक डोकेदुखी टळते. दसऱ्यानंतर कामाला लागा आणि काहीही झालं तरी मेअखेर संपवा. पावसात गच्चीवर सिमेंटकाम आणि वायरिंग दोन्ही बिघडतं.

टप्पा १: लाइट गेल्यावर काय चालू हवं, ते आधी लिहून काढा

कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यांना विचारा. यादी बहुतेक वेळा लांबत जाते, ती छाटायची. एसी, गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची मोटर यादीतून काढा. मोटरचा चालू लोड कमी दिसतो, पण सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

उरतं ते साधारण असं: तीन पंखे प्रत्येकी ७५ वॉट म्हणजे २२५. सहा एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॉट म्हणजे ५४. वाय-फाय राउटर १२, टीव्ही ८०. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, म्हणून सरासरी ६० धरा. बेरीज ४३१ वॉट. चार तास चालवायचं तर १.७२ युनिट (हजार वॉट तासभर म्हणजे एक युनिट), आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून १.९.

आता बॅटरी. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण ती निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाती ०.९ युनिट, आणि वरच्या यादीला दोन बॅटऱ्या, त्याही जेमतेम पुरतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. ५१.२ व्होल्ट १०० एएचची एक बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले सुमारे ४.१ वापरायला. तिच्यावर हीच यादी आठ तासांच्या आसपास चालते.

पॅनेलचा हिशोब याच्याशी जोडू नका. तो वीजबिलावरून करायचा. मागच्या बारा महिन्यांचे युनिट मिळवा, बाराने भागा. १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. महिन्याचा वापर ३०० ते ३५० युनिट असेल तर ३ किलोवॉट पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन एप्रिल-मेच्या जवळपास निम्म्यावर येतं, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेले आणि घेतलेले युनिट एकमेकांत वळते करण्याच्या पद्धतीत, उन्हाळ्यात जमा झालेले युनिट पावसाळ्यात वळते होतात. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात मात्र अर्थ नाही. ३१ मार्चला खात्यावर उरलेले जादा युनिट वीज कंपनी घेते, पण तुम्ही ज्या दराने वीज विकत घेता त्याच्या तुलनेत फार कमी दराने.

तपासा: उन्हाळ्यात नवीन एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे का? असेल तर तो वापर आताच धरा. पॅनेल नंतर वाढवता येतात, पण इन्व्हर्टर, स्ट्रक्चर आणि कागद सगळं पुन्हा उघडावं लागतं.

टप्पा २: तीन मार्गांपैकी एक ठरवा

पहिला मार्ग फक्त ऑन-ग्रिड. बिल उतरतं, लाइट गेली की अंधार.

दुसरा मार्ग ऑन-ग्रिड सोलर आणि शेजारी घरातला नेहमीचा इन्व्हर्टर-बॅटरीचा सेट, दोन्ही स्वतंत्र. ज्यांच्याकडे लाइट महिन्यातून दोन-चारदा तासभर जाते, त्यांच्यासाठी माझ्या मते हाच मार्ग शहाणपणाचा. ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत परिस्थिती अशीच आहे. विक्रेते हा मार्ग सहसा सुचवत नाहीत, कारण त्यात विकायला कमी असतं.

तिसरा मार्ग हायब्रिड, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कोणी असेल, घरूनच काम चालत असेल किंवा तुमच्या फीडरवर (भागाला वीज देणाऱ्या लाइनवर) पावसाळ्यात वीज रात्रभर जात असेल, तर हा खर्च करावा. लाइट गेल्यावर दिवसा पॅनेल घरही चालवतं आणि बॅटरीही भरतं.

सावधान: दुसऱ्या मार्गात ऑन-ग्रिड इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची) आउटपुट वायर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनला कधीही जोडू नका. ती मेनच्या बाजूलाच गेली पाहिजे. चुकीच्या जागी जोडली तर लाइट गेल्यावर सोलर इन्व्हर्टर घरच्या इन्व्हर्टरलाच ग्रिड समजतो, उलटा करंट ढकलतो आणि बॅटरीवाला इन्व्हर्टर जळतो. घाईत असलेल्या वायरमनकडून ही चूक सहज होते, कारण तीच लाइन हाताशी असते.

टप्पा ३: गच्ची, सावली आणि शेजारची इमारत

१ किलोवॉटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. बाजारात आज ५४० ते ५५० वॉटची पॅनेल येतात, प्रत्येक सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. अशी सहा पॅनेल म्हणजे ३ किलोवॉटच्या थोडं वर.

सावली डिसेंबरात बघा. ठाणे १९ अक्षांशाच्या जरा वर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो आणि सावल्या उत्तरेकडे लांब पडतात. मे महिन्यात स्वच्छ दिसणाऱ्या गच्चीवर डिसेंबरात पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेल झाकते. दक्षिणेला टाकी किंवा जिन्याची खोली असेल, तर पॅनेलच्या पातळीपेक्षा ती जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. एकाच पॅनेलवर सावली आली तरी एकापुढे एक जोडलेल्या त्या अख्ख्या मालिकेचा करंट पडतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंश कलात बसवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावीच लागते: शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास. नौपाडा, पाचपाखाडी, वाशीच्या जुन्या सेक्टरांत चार मजल्यांच्या जागी वीस मजले उभे राहतात. दक्षिणेची किंवा पश्चिमेची इमारत पाडायला निघाली असेल, तर आज मोकळी दिसणारी तुमची गच्ची दोन-तीन वर्षांत सावलीत जाईल. तुमच्याच सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर थांबा. थांबायचंच नसेल, तर स्ट्रक्चर सुटं करून नेता येईल असं बोल्टचं घ्या, वेल्डिंगचं नको.

सोसायटीच्या गच्चीवर एकट्याचा हक्क नसतो. वरच्या मजल्यावर राहता म्हणून गच्ची तुमची होत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्या, त्यात जागा, क्षेत्रफळ आणि गळती झाली तर दुरुस्ती कोणी करायची, हे लिहून घ्या. सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरसाठी सोलर लावायचं असेल, तर ती वेगळी वाट आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या योजनेत त्यासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे.

पावसाच्या गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड असेल, तर तिच्यावर पॅनेल टाकण्याआधी दोन गोष्टी पाहा: शेडला परवानगी आहे का आणि तिचे खांब वाऱ्याचा जोर सोसतील का. पॅनेलचं वजन एकेकी तीस किलोच्या आसपास असतं, पण खरी अडचण वजनाची नसून वाऱ्याच्या उचलीची असते.

टप्पा ४: आधी कागद, मग काम

पॅनेल लावून झाल्यावर अर्ज करणाऱ्यांचं अनुदान अडकतं. क्रम असा ठेवा.

१. वीजबिलावरचं नाव तपासा. बिल अजून वडिलांच्या, मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर आधी नाव बदला. सिडकोच्या रो-हाउसमध्ये घर दोनदा विकलं गेलं तरी मीटर पहिल्या मालकाच्याच नावावर राहिलेलं असतं. बिल, आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं.

२. बिलावरचा मंजूर भार (तुमच्या कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॉट) पाहा. सोलरची क्षमता त्याच्या वर जात असेल तर भार वाढवण्याचं काम यातच येतं. थकबाकी असेल तर भरून टाका.

३. पीएम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करा. राज्य, वीज कंपनी आणि महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक लागतो. कळवा, मुंब्रा, शिळ भागात वीजपुरवठ्याचं काम टोरंट या खासगी कंपनीकडे आहे, त्यामुळे बिलावर नाव कोणाचं आहे ते वाचूनच पुढे जा. १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जांना तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही.

४. नोंदणीकृत विक्रेताच निवडा. यादी पोर्टलवरच आहे.

अनुदानाचं गणित सरळ आहे: पहिल्या २ किलोवॉटला दर किलोवॉट ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,०००. म्हणजे ३ किलोवॉट आणि त्याच्या वर कितीही गेलात तरी ७८,००० रुपये. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तिच्यावर अनुदान ठरतं, म्हणून ३ किलोवॉट पॅनेलला लहान इन्व्हर्टर लावून पैसे वाचवायला जाऊ नका. बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही.

सावधान: अनुदानाला भारतात बनलेल्या सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेलच चालतात. स्वस्तातलं कोटेशन बहुतेक वेळा याच ठिकाणी स्वस्त झालेलं असतं.

टप्पा ५: कोटेशन वाचायचं कसं

किमान तीन कोटेशनं घ्या आणि 'टर्नकी ३ किलोवॉट, एकूण इतके' असं एका ओळीचं कोटेशन परत पाठवा. पॅनेलची कंपनी, मॉडेल आणि संख्या, इन्व्हर्टरचं मॉडेल, बॅटरीचे युनिट, स्ट्रक्चरची उंची आणि गॅल्व्हनायझिंगची जाडी, डीसी (पॅनेल ते इन्व्हर्टर) वायरचा आकार, अर्थिंगचे खड्डे किती, नेट मीटरचा खर्च कोणाचा, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: योजनेने गृहीत धरलेली किंमत पहिल्या २ किलोवॉटला दर किलोवॉट ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० आहे. म्हणजे ३ किलोवॉटला १,४५,०००, बॅटरीशिवाय. खाली चालता येईल असं उंच स्ट्रक्चर घेतलं की किंमत वर जाते, पण दुप्पट सांगत असेल तर कारण विचारा. पॅनेलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यावरच द्या. 'अनुदान आमच्या खात्यात येऊ द्या' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं.

टप्पा ६: स्ट्रक्चर आणि गळती

मुंबई परिसरासाठी बांधकामाच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं, मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. त्यामुळे स्ट्रक्चरचा हिशोब कागदावर मागण्यात अजिबात संकोच नको.

आता गच्चीच्या लादीखाली काय आहे ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि त्यावर लादी किंवा चायना मोझेक. कोबा चार-पाच इंच जाड. कामगार चार इंची अँकर बोल्ट ड्रिल करून ठोकतो आणि तो हलत नाही म्हणून समाधानाने पुढे जातो. पण तो बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलेलाच नसतो. तो कोब्यात अडकलेला असतो. वाऱ्यात तो कोब्यासकट उखडतो, आणि तोवर त्याच भोकातून पाणी उतरून खालच्या बेडरूमच्या छताला ओल धरलेली असते.

म्हणून गच्चीला भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे करा. लादीचा पृष्ठभाग टोचून खडबडीत करायचा, धुवायचा, बाँडिंगचं रसायन लावायचं आणि त्यावर बोल्ट आधीच बसवलेला ठोकळा ओतायचा. ठोकळ्याचं वजन वाऱ्याच्या हिशोबातून ठरतं, अंदाजाने नाही. ठोकळा आणि लादी जिथे भेटतात तिथे सिमेंटची गोलाई करून वर वॉटरप्रूफिंगचा लेप द्या. निदान सात दिवस पाणी मारा, मगच पाय उभे करा. चौथ्या दिवशी स्ट्रक्चर चढवायला आलेल्या टोळीला परत पाठवायची तयारी ठेवा.

लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवं, जाडी ८० मायक्रॉन. ऐरोली, वाशी, कोपरी, कोलशेत अशा खाडीकाठच्या हवेत नुसता चंदेरी रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजायला लागतं. जागेवर कापलेल्या किंवा वेल्ड केलेल्या प्रत्येक तोंडाला झिंकचा रंग लावून घ्या. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

तपासा: पॅनेल चढण्याआधी गच्चीच्या पाण्याच्या वाटा बंद करून चोवीस तास पाणी साठवा. खाली ओल आली तर आत्ताच कळेल आणि दोष कोणाचा हेही ठरेल.

टप्पा ७: पॅनेल, डीसी वायर आणि अर्थिंग

पॅनेल आली की आधी मागच्या लेबलावरचे सीरियल नंबर मोबाइलवर टिपा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या नंबरांशी जुळवा. एकदा पॅनेल चढली की मागे जाता येत नाही.

५४५ वॉटच्या एका पॅनेलचं मोकळं व्होल्टेज सुमारे ४९-५० असतं. सहा मालिकेत लावली की ३०० व्होल्ट. हे डीसी आहे, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली वीज एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी; तिचा करंट सेकंदात शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ती जळतच राहते. म्हणून तीन पथ्यं. जोडाला एमसी-४ कनेक्टरची नर-मादी एकाच कंपनीची. कनेक्टर खास क्रिंपिंगच्या पक्कडीनेच दाबलेला, साध्या पकडीने नाही. आणि इन्व्हर्टर चालू असताना गच्चीवरचा कनेक्टर कोणीही ओढायचा नाही.

वायर ४ चौरस मिमीची, सोलरसाठीची, उन्हाला टिकणारी तांब्याची. ती पॅनेलखाली लोंबकळत ठेवू नका, उन्हात ठिसूळ होणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तर मुळीच बांधू नका. खाली उतरताना पाइपातून, आणि भिंतीत शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच गळून पडतं.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: वीजरोधकाचा (आभाळातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा) एक, स्ट्रक्चर आणि डीसीचा दुसरा, एसीचा तिसरा. 'एकात सगळं घेतो, काही फरक पडत नाही' हे ऐकू नका. वीज पडली तर तिचा धक्का थेट इन्व्हर्टरमध्ये यायला ती सोयच होते. रोध ५ ओहमच्या आत आहे हे मोजून घ्या, तेही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात ओल्या मातीत कोणताही खड्डा चांगला दिसतो.

टप्पा ८: घरातली लाइन वेगळी करा

दुसरा किंवा तिसरा मार्ग घेणाऱ्यांसाठी हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. बॅटरी विकत घेण्याआधी हे काम उरका.

मेन बंद करून वायरमनला डीबीचं (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीचं) झाकण उघडायला सांगा. एका बाजूला एमसीबींची (जास्त करंट आला की पडणाऱ्या स्विचांची) रांग, दुसऱ्या बाजूला सगळ्या काळ्या न्यूट्रल तारा एकत्र आवळलेली पितळी पट्टी. इन्व्हर्टरची लाइन काढताना वायरमन पंखे-दिव्यांचा फेज वेगळ्या एमसीबीवर घेतो, पण त्यांचा न्यूट्रल त्याच सामायिक पट्टीत राहू देतो. दिवे लागतात, काम झाल्यासारखं दिसतं. पुढे आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप व्हायला लागतो. जाणारा करंट एका वाटेने आणि परतणारा दुसऱ्याच वाटेने, त्यामुळे त्याला सतत गळती दिसते. मग वैतागून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं आणि घराचं संरक्षणच जातं.

योग्य पद्धत अशी: बॅकअपच्या यादीतल्या सर्किटांसाठी वेगळी छोटी डीबी, तिचा स्वतःचा फेज, स्वतःची न्यूट्रल पट्टी, स्वतःचा आरसीसीबी. कोणता न्यूट्रल कोणत्या फेजचा, हे एकेक सर्किट तपासून काढावं लागतं. जुन्या घरात यात अख्खा दिवस जातो, तो जाऊ द्या.

हायब्रिड असेल तर आणखी एक मुद्दा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतो आणि त्याचा न्यूट्रल अधांतरी राहू शकतो. तसं झालं तर बॅकअपवर असताना आरसीसीबी असूनही काम करत नाही. बॅकअपच्या वेळी न्यूट्रल-अर्थ जोड इन्व्हर्टर स्वतः करतो की बाहेरून रिले लावावा लागतो, हे मॅन्युअलमध्ये शोधून विक्रेत्याकडून लेखी घ्या.

तपासा: बॅकअपवर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ट्रिप झाला पाहिजे.

टप्पा ९: बॅटरीची जागा आणि सेटिंग

बॅटरी गच्चीवर, जिन्याच्या वाटेत किंवा स्वयंपाकघरात नको. बंद माळ्यावरही नको, तिथे मे महिन्यात भट्टी होते आणि लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. लेड-अ‍ॅसिडमधून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिला खिडकीची हवा हवीच.

नवी मुंबईचा बराच भाग खाडी भरून वसला आहे आणि भरतीच्या वेळी पाणी अडवायला सिडकोने धारण तलाव केले आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत पाणी तळमजल्यात शिरतं. तळमजल्याच्या रो-हाउसमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर जमिनीपासून चार फुटांवर भक्कम भिंतीला लावा. २६ जुलै २००५ ला घरात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारी विचारलंत तर अचूक उंची कळेल.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात, कारण बसवणारा फॅक्टरी सेटिंग तसंच ठेवून जातो.

१. बॅटरीचा प्रकार. लिथियम असताना लेड-अ‍ॅसिड निवडलेलं राहिलं तर चार्जिंगचं व्होल्टेज चुकतं. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली संपर्काची केबल जोडलेली आहे आणि स्क्रीनवर बॅटरीची टक्केवारी दिसते आहे, हे बघा.

२. कामाची पद्धत. बरेच हायब्रिड इन्व्हर्टर 'सेल्फ-यूज'वर येतात. संध्याकाळी सूर्य गेला की ते बॅटरीवर घर चालवायला लागतात. रात्री अकरा वाजता लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. नेट मीटर असेल तर दिवसा ग्रिडला दिलेला युनिट संध्याकाळी परत मिळतोच, मग तो बॅटरीतून फिरवून गळती सोसायची आणि बॅटरी झिजवायची कशाला? 'बॅकअप' पद्धत निवडा किंवा किमान ७० टक्के साठा राखून ठेवा.

३. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या लेबलावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत.

सावधान: बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या तर इन्व्हर्टर तिथल्या तिथे जातो आणि वॉरंटीत बसत नाही. मल्टिमीटरने धन-ऋण मोजल्याशिवाय ब्रेकर वर करू देऊ नका.

टप्पा १०: चालू करण्याआधीच्या चाचण्या आणि नेट मीटर

मालिकेचं डीसी व्होल्टेज मोजा. सहा पॅनेलचं ३०० च्या आसपास यायला हवं, २५० आलं तर एक पॅनेल सुटलं आहे. मेगरने वायरचं इन्सुलेशन तपासून घ्या. चालू-बंद करण्याचा क्रम इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणे मराठीत लिहून यंत्राशेजारी चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसताना आईलाही तो करता येईल.

मग मेन एमसीबी खाली करा. ऑन-ग्रिड असेल तर सोलर लगेच बंद पडलं पाहिजे. हायब्रिड असेल तर फक्त बॅकअपची यादी चालू राहिली पाहिजे. गिझरचा दिवा लागलेला दिसला तर टप्पा ८ मध्ये काहीतरी राहिलं आहे. हीच चाचणी रात्री, फ्रिजसकट, तासभर करा.

सावधान: नेट मीटर बसण्याआधी यंत्रणा चालू ठेवून वीज बाहेर सोडू नका. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेला युनिटही वापर म्हणूनच मोजतात. बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. तोवर यंत्रणा बंद ठेवा किंवा झिरो-एक्सपोर्ट (वीज बाहेर जाऊ न देणारं सेटिंग) लावून घ्या.

काम झालं की विक्रेता पोर्टलवर तपशील आणि फोटो चढवतो, वीज कंपनीशी नेट मीटरिंगचा करार होतो, मीटर बसतं, तपासणी होते आणि कमिशनिंगचा (यंत्रणा रीतसर चालू झाल्याचा) दाखला तयार होतो. दाखल्यावरची क्षमता आणि सीरियल नंबर स्वतः वाचा. त्यानंतरच बँक तपशील आणि रद्द केलेला चेक चढवून अनुदानाची मागणी करायची. पहिल्या दोन बिलांवर आयात आणि निर्यात युनिट वेगळे दिसतात का पाहा. बिल शून्य येणार नाही, स्थिर आकार लागतोच.

टप्पा ११: पुढची देखभाल

योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. ती करारात आहे का बघा. घोडबंदर रोड, कल्याण-शिळ रस्ता किंवा एमआयडीसीच्या पट्ट्यात राहत असाल तर नोव्हेंबर ते मे दर दहा-पंधरा दिवसांनी पॅनेल धुवा, सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात आणि ते निघत नाहीत. कबुतरांची घाण मात्र दिसली की लगेच काढा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावरचा वाळलेला थर सावलीसारखाच अख्ख्या मालिकेला खाली ओढतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नळाचं पाणी घालू नका. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात स्ट्रक्चरचे सगळे बोल्ट आवळून घ्या, अर्थिंगचा रोध पुन्हा मोजा, डीसी बॉक्समधल्या सर्ज संरक्षकाची (विजेचा अचानक झटका अडवणाऱ्या भागाची) खिडकी हिरवी आहे का पाहा. लाल झाली असेल तर तो बदला. आणि पाऊस सुरू होण्याआधी एका संध्याकाळी मेन खाली करून बॅकअप तासभर चालवून बघा.